डिक्री हातात आली, डोक्यातला खटला मात्र चालूच

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गल्लत होत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वय ३४, पुण्यात नोकरी, माहेर साताऱ्याकडे. सहा वर्षांचा संसार, मूल नाही. परस्पर संमतीने घटस्फोट झाला, डिक्री, म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूम, येऊन दहा महिने झाले. वेगळं व्हायचा विषय तुम्हीच काढला होता. तरी रोज रात्री त्याचा डीपी उघडून बघता, आणि त्याचं लग्न ठरल्याचं कानावर आल्यापासून झोप उडालीय. मैत्रीण म्हणते, ब्लॉक करून टाक. आई म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं, आता स्थळं बघू. तुम्ही विचारताय की विसरायचं कसं, किती दिवस लागतात, आणि त्याला एकदाच भेटून सगळं बोलून टाकलं तर मोकळं वाटेल का.

मी विवाह समुपदेशक आहे. आधी बरीच वर्षं कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्या जोडप्यांबरोबर काम केलं, आता स्वतंत्रपणे करते. तुमचं लिहिलेलं पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. विसरण्याबद्दल त्यात जेमतेम एक ओळ आहे. बाकी सगळं "त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही", "त्याच्या घरच्यांनी मलाच दोष दिला", "निदान एकदा तरी त्याने मान्य करावं" अशा धर्तीचं आहे. तो परत यावा असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे तुम्ही वाट बघताय ती निकालाची. कोणीतरी, शक्यतो त्यानेच, सांगावं की चूक तुमची नव्हती.

संमतीच्या घटस्फोटानंतर हे फार दिसतं, आणि त्याचं मूळ थोडंफार कायद्यातच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज केला की दोष कोणाचा, हा प्रश्नच कोर्टापुढे नसतो. वर्षभर वेगळे राहताय का, एकत्र नांदणं शक्य नाही हे दोघांनाही मान्य आहे का, संमती दबावाखाली तर दिलेली नाही ना, एवढंच बघितलं जातं. पहिला अर्ज आणि घटस्फोटाची अंतिम मागणी यांच्यामधली सहा महिन्यांची मुदतही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणांत माफ होते. हे चांगलंच आहे. चिखलफेक टळते, वर्षं वाचतात. पण सहा वर्षं जे सोसलं, त्याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नसतं. माणूस सही करून खाली पार्किंगमध्ये येतो, गाडीची किल्ली शोधतो आणि त्याच्या मनात येतं, एवढंच? मग खटला डोक्यात उभा राहतो. वकील आपण, साक्षीदार आपण, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत नेमका त्यालाच बसवलेलं असतं.

यावर तुम्ही म्हणाल, मग भांडूनच घ्यायला हवा होता घटस्फोट. क्रूरतेच्या कारणावर वर्षानुवर्षं लढून, उलटतपासणीत सगळी लाज गुंडाळून ठेवून, शेवटी आपल्या बाजूने निकाल मिळवलेले लोकही माझ्यापुढे येऊन बसतात. निकालाची प्रत पिशवीतून काढतात आणि म्हणतात, "पण तो अजून गावभर सांगत फिरतो की मीच घर मोडलं." कोर्टाचा निकाल त्यांना पुरत नाही, कारण त्यांना तो समोरच्याच्या तोंडून ऐकायचा असतो.

विसरण्याचं आधी सांगून टाकते. ठरवून विसरता येत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करायचा नाही. त्यांना ते जमलं नाहीच, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर अस्वल त्यांच्या डोक्यात, सुरुवातीपासूनच त्याचा विचार करायला सांगितलेल्यांपेक्षा, जास्त वेळा आलं. "आज त्याचा विषय नाही" असं सकाळी ठरवलेला दिवस रात्री कसा संपतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता "निर्णय माझाच होता, मग मला का त्रास होतोय?" याबद्दल. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ज्याने निर्णय घेतला त्याच्या दुःखाला आपल्याकडे जागाच नसते. सोडून दिलेल्या माणसाची निदान कीव करतात लोक. तुम्हाला ऐकायला मिळतं, "तुलाच हवं होतं ना?" त्यामुळे तुम्ही स्वतःशीसुद्धा रडायला बिचकता. पण लग्न संपवायचं ठरवलं म्हणजे त्यातलं सगळंच नको होतं असं थोडंच असतं? तुम्ही लिहिलंय की या वर्षी सगळ्यात जास्त रडू आलं ते गौरी जेवतात त्या दिवशी. सासूबाईंबरोबर आदल्या रात्रीपासून भाज्या निवडणं, पुरण वाटणं, मुखवटे पुसून ठेवणं, त्यात तुम्ही घरच्या झाला होतात. त्या बाईंशी तुमचं भांडण नव्हतं. तरी त्यांचा फोन बंद झाला. नवऱ्यापासून वेगळं होताना तुम्ही एक सासू, एक नणंद, एक देवघर, एक किराणा दुकानदार आणि रोज संध्याकाळी दिसणारी एक गल्ली गमावलीत. यातल्या कशासाठीही घटस्फोट मागितला नव्हता.

पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधक बाईंनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना एक गोष्ट मांडली: माणूस धड गेलेलाही नाही आणि धड आहेही नाही, अशा अवस्थेतलं दुःख अडकून पडतं, कारण ते कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं हेच कळत नाही. पुढे स्मृतिभ्रंश, घटस्फोट अशा प्रसंगांनाही ही मांडणी लागू झाली. आपल्याकडे घरातलं कोणी गेलं की चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, दहाव्या-तेराव्याला माणसं जमतात, आणि त्यानंतर हळूहळू रोजचं सुरू होतं. तुमच्याकडे पिठलं-भात घेऊन कोणी आलं होतं का? उलट सोमवारी कामावर हजर राहून "वीकेंड कसा गेला?" याला उत्तर द्यावं लागलं असेल. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की काय काय गेलं, ते नावानिशी मोठ्याने सांगा. नवरा सोडून. बहुतेकांना पहिल्यांदा रडू येतं ते तिथे. आणि त्यातल्या काही गोष्टी परत मिळवता येतात. सासूबाईंना दिवाळीला एक साधा मेसेज पाठवता येतो, उत्तर आलं नाही तरी चालेल एवढी तयारी असेल तर. अर्थात तो मेसेज मुलाची खबर काढायला नसावा.

आता डीपी. याला मी मनाचा कमकुवतपणा म्हणत नाही, सवय म्हणते, आणि चिवट सवय. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये, नुकतंच नातं तुटलेल्या पण अजून जीव अडकलेल्या १५ जणांना त्या माणसाचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. व्यसनाच्या ओढीशी ज्यांचा संबंध आहे असे भाग त्यात उजळलेले दिसले. पंधरा म्हणजे फार माणसं नव्हेत, पण समोर बसलेल्यांकडून मी जे ऐकते त्याच्याशी हे जुळतं. डीपी सहसा कालचाच असतो. कधीतरी बदललेला असतो. त्या "कधीतरी"पायी आपण रोज उघडतो. माजी जोडीदाराचं फेसबुक बघत राहणाऱ्यांवर मानसशास्त्रज्ञ टॅरा मार्शल यांनी २०१२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. जे जास्त बघतात ते जास्त त्रासात असतात आणि त्यांची गाडी पुढे सरकायला वेळ लागतो, असं त्यात दिसलं. बघण्यामुळे त्रास की त्रासामुळे बघणं, हे अशा अभ्यासातून पक्कं सांगता येत नाही. माझ्या अनुभवात दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

मग ब्लॉक करायचं का? कशासाठी करताय त्यावर आहे. मी विचारते, "ब्लॉक केलंय हे त्याला कळावं असं वाटतंय का?" उत्तर हो असेल तर थोडं थांबा. तो ब्लॉक त्याला उद्देशून लिहिलेला आणखी एक मेसेजच झाला, आणि दोन दिवसांनी त्याने बघितलं का हे तपासायला तुम्ही तो काढणार. उत्तर नाही असेल, फक्त स्वतःचा हात आवरायचा असेल, तर खुशाल करा. मधला रस्ताही आहे: चॅट अर्काइव्ह करा, स्टेटस म्यूट करा, नंबर फोनमधून काढून डायरीत लिहून ठेवा.

याहून उपयोगाचं म्हणजे, डीपी उघडण्याआधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं, ते आठवडाभर टिपा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी असं टिपलं (ओळख पटू नये म्हणून इकडचं तिकडे केलंय). फोन हातात यायचा तो ओटा पुसून झाल्यावर. घटस्फोटानंतरही हाताला दोन माणसांची कणिक भिजवायची सवय होती. उरलेला गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, ओटा पुसायचा, आणि मग फोन. त्यांनी सगळ्यात आधी बदललं ते पिठाचं माप. मग जेवणाची वेळ तासभर अलीकडे आणली आणि त्यानंतर शेजारच्या काकूंबरोबर सोसायटीत फेऱ्या मारायला जायला लागल्या. त्यांना डीपी बघू नका असं मी कधीच सांगितलं नव्हतं. एक मात्र निक्षून सांगितलं होतं, आणि तुम्हालाही सांगते: तुम्हाला त्याच्या बातम्या आणून देणारं जे कोणी आहे, मावसबहीण असो की जुना सहकारी, त्यांना स्पष्ट सांगा की आता मला काही कळवू नका. लग्न ठरल्याचं तुम्हाला त्याच वाटेने कळलंय. आता तारीख, हॉल आणि मुलगी काय करते हेही त्याच वाटेने येणार.

एकदाच भेटून बोलण्याबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. एक गृहस्थ असेच भेटायला निघाले होते. विचारायचे प्रश्न त्यांनी दोन पानं भरून टाइप करून आणले होते, क्रमांक घालून. मी त्यांना पेन दिलं आणि म्हटलं, प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, ती काय म्हणाली तर तुमचं समाधान होईल. पहिल्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, "माझी चूक झाली." मी विचारलं, एवढं म्हणाली तर पुरे? ते जरा थांबले आणि म्हणाले, "नाही, मग आधी का नाही कळलं हे विचारीन." दुसऱ्याच्या पुढेही तसंच झालं. चौथ्या प्रश्नापर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं. तुम्ही हे घरी करून बघा. ज्या प्रश्नाला समाधान होईल असं उत्तरच नाही, तो प्रश्न त्याच्याकडे नेऊन काय करणार? आणि एखाद्या प्रश्नापुढे खरोखर उत्तर लिहिता आलं, म्हणजे "माझ्या आजीच्या पाटल्या तुमच्याकडच्या लॉकरमध्ये आहेत का?" यासारखं काही, तर त्यासाठी भेटायची गरज नाही, मेसेज पुरतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात बरीच वापरली जाते, मीही वापरते. तिचा गाभा असा की इच्छा असण्यात काही वावगं नाही, इच्छेचा हट्ट झाला की माणूस अडकतो. त्याने चूक मान्य केली तर मला बरं वाटेल, ही इच्छा आहे, आणि ती रास्त आहे. मान्य केल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही, हा हट्ट. यात तुमच्या पुढच्या आयुष्याची किल्ली तुम्ही अशा माणसाकडे देता, जो सध्या स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत आहे. शिवाय त्याच्या मनातही एक खटला असतो, आणि त्यात आरोपी तुम्ही असता. हे ऐकायला कडू आहे. पण दोघांनाही आयुष्यभर आपापलीच बाजू खरी वाटत राहिली तरी दोघंही नीट जगू शकतात, हे मी बघते आहे.

"रोज डायरी लिहा" असा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला असेलच. याबाबतीत सावध राहा. मनातलं लिहून काढल्याने बरं वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ पासूनच्या कामामुळे सगळीकडे पसरलं, आणि अनेक प्रसंगांत ते खरंही आहे. पण डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर हे तपासलं, तेव्हा जे आधीच "हे असं का झालं?" याचा सतत अर्थ लावत बसले होते, त्यांना खोल भावना लिहून काढल्याने उलट जास्त त्रास झाला. दिवसभरात काय केलं एवढं साधं लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले. तुमचा स्वभाव मला पहिल्या प्रकारचा वाटतो. तेव्हा लिहायचंच असेल तर आज भाजी काय केली, बस किती वाजता मिळाली, हे लिहा.

कागदोपत्री कामं उरली असतील तर ती उरका. यात तत्त्वज्ञान नाही. पीएफ, विमा, बँक, म्युच्युअल फंड यांतलं नॉमिनी म्हणून त्याचं नाव आपोआप निघत नाही, फॉर्म तुम्हालाच भरावा लागतो. संयुक्त खातं, गॅसचं कनेक्शन, पासपोर्टवरचं पतीचं नाव, आधारवरचा पत्ता. डिक्रीच्या प्रमाणित प्रती दोन-तीन काढून ठेवा, ठिकठिकाणी लागतात. मंगळसूत्राचं काय करू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. संमतीच्या अटींत दागिन्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. तुमच्याकडेच राहायचं ठरलं असेल तर ते तुमचं सोनं आहे. कोणी मोडून बांगडी करतं, कोणी विकतं, कोणी लॉकरमध्ये टाकतं. एकाच गोष्टीसाठी अडवेन: त्याच्या लग्नाच्या आठवड्यात काही करू नका.

किती दिवस लागतात याला आकडा नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, पण मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, आणि माणसं त्या क्रमाने चढतातच असंही नाही. माझी खूण वेगळी आहे. पहिल्यांदा येतात तेव्हा लोकांना आपली गोष्ट सांगायला तास पुरत नाही. तारखा, मेसेज, कोण काय म्हणालं, सगळं येतं. काही महिन्यांनी तीच गोष्ट दहा मिनिटांत होते. मग एक दिवस नव्या ओळखीच्या माणसाला "माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही" एवढं सांगून ते चहा मागवतात. तुमची गोष्ट सध्या किती लांब आहे ते तुमच्या मैत्रिणीला विचारा, ती खरं सांगेल.

हे सगळं मी तुमच्या परिस्थितीला धरून लिहिलंय. मूल असतं तर संपर्क तोडा असं म्हटलंच नसतं. मग बोलणं मुलाची शाळा, औषधं, सुट्ट्या एवढ्यापुरतं ठेवायला सांगितलं असतं. मारहाण किंवा धमक्या झाल्या असत्या, तर भेटायचा विचारही करू नका म्हटलं असतं. दोघं एकाच कंपनीत असता, तर डीपीवर एवढं बोलण्यात अर्थ नव्हता. आणि एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात आहे ती मी सोडत नाही: झोप उडाली आहे आणि जेवण जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल, कामात चुका होत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी आला, तर वाट बघू नका, घरातल्या कोणाला तरी लगेच सांगा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

राहिली आई. तिला तुमची काळजी आहे आणि साताऱ्यात तिला रोज कोणीतरी विचारत असणार, "पोरीचं काय ठरवलंय मग?" तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. "मी कधीच लग्न करणार नाही" असंही म्हणू नका. ते खरं असेलच असं नाही, आणि तिला त्याने धसका बसेल. नुसतं "आत्ता नको" म्हटलंत तर पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो येतील. तिला मुदत द्या: "दिवाळीपर्यंत मला एकही स्थळ दाखवू नकोस, दिवाळीनंतर मी स्वतः विषय काढीन." आणि दिवाळीनंतर खरंच काढा, उत्तर तेव्हाही नाही असलं तरी. विवाह मंडळात तिने नाव नोंदवलं असेल तर तुमचा फोन नंबर तिथून काढून घ्या. हे फोनवर बोलू नका. शनिवारी घरी जा, तिच्याबरोबर भाजी निवडायला बसा आणि तेव्हा सांगा.